एक यंत्र, दोन कारभारी : सामाईक दप्तराची व्यवस्था

(आपल्या संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात म्हसळा येथे दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने यंदा मजवर सोपविलेला विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांस नवल वाटेल. स्नेहसंमेलनात विद्याप्रसार, विवाहातील खर्च, वसतिगृह, ज्ञातिनिधी असल्या विषयांवर बोलण्याची आपली परंपरा आहे. संगणकाच्या डिस्कची वाटणी हा विषय त्या रांगेत कसा बसावयाचा? मी तर मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेलेला मनुष्य. परंतु निवृत्तीनंतर संस्थेच्या कचेरीतील दप्तर सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले, आणि आपल्या ज्ञातीची कुटुंब-नोंद, विद्यार्थी साहाय्य निधीचा हिशेब व या वार्षिकाचे मागील अंक हे सारे धन आज एका यंत्राच्या पोटात आहे, हे रोज डोळ्यांपुढे दिसू लागले. ते सुरक्षित राहावे अशी इच्छा असेल तर या विषयाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

प्रथम परिस्थिती सांगतो. कचेरीतील संगणक मुंबईकर बांधवांनी दिलेल्या देणगीतून आलेला आहे. त्यावर विंडोज १० ही कार्यप्रणाली आहे. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राचा कारभारी. पडद्यावर काय दिसावे, कोणती फाइल कोठे ठेवावी, छपाईयंत्रास हुकूम कसा द्यावा हे सर्व तोच पाहतो. विंडोज १० चे नित्याचे पाठबळ तिच्या निर्मात्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविले. २०२१ साली निघालेली विंडोज ११ घ्यावी, तर तिला टी.पी.एम. २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि बरीच नवी यंत्रसामग्री लागते. आपले यंत्र त्या परीक्षेत उतरत नाही. ते चालते ठीक, परंतु नव्या नियमाने म्हातारे ठरले आहे.

यावर गेल्या सर्वसाधारण सभेत दोन मते पडली. तरुण मंडळी म्हणाली, लिनक्स घाला. लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला व जगास मोकळा करून दिला. आज उबुंटू, डेबियन अशा नावांनी ती प्रणाली विनामूल्य मिळते. आपल्या देशातही सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाची आवृत्ती काढली, आणि केरळातील सरकारी शाळांतून बरीच वर्षे मुले लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत. जुन्या यंत्रावर ती हलकी चालते. यावर वडीलधारी मंडळी म्हणाली, आमची कुटुंब-नोंद आणि जुने वार्षिक अंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीच्या ‘श्रीलिपी’त टंकलेले आहेत, ते विंडोजवरच उघडतात, लिनक्स आले की आमचे तीस वर्षांचे काम गेले.

दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या होत्या. म्हणून मध्यम मार्ग निघाला. एकाच यंत्रावर दोन्ही कारभारी नेमावेत, आणि दप्तर मात्र असे ठेवावे की दोघांसही हात घालता यावा. हा मार्ग उत्तम आहे. पण तो नीट समजून न घेता अवलंबिला तर घातक आहे. आज हेच सविस्तर सांगावयाचे आहे.

डिस्कची वाटणी म्हणजे काय, हे आपणां कोकणातील लोकांस समजावून सांगणे अवघड नाही. वडिलार्जित घराच्या वाटण्या होतात. थोरल्याकडे ओटी व माजघर, धाकट्याकडे पडवी. विहीर मात्र सामाईक. भिंत घालण्यापूर्वी कोणाचे काय ते कागदावर लिहितात. डिस्कचेही तसेच आहे. ती वस्तू एकच, परंतु तिच्यावर सीमा आखून भाग पाडता येतात. त्या भागांस पार्टिशन म्हणतात. कोणता भाग कोठून कोठपर्यंत याची यादी डिस्कच्या आरंभी असते. तो तिचा सात-बाराच म्हणाना. १९८३ सालापासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीच्या यादीत मुख्य वाटण्या चारच मांडता येत आणि दोन टेराबाइटांच्या पलीकडची जमीन तीत मावत नसे. जी.पी.टी. नावाच्या नव्या पद्धतीत साधारणपणे १२८ वाटण्यांची सोय असते.

आपल्या यंत्रात ५०० जी.बी.ची डिस्क आहे. मोजण्याची रीत निराळी असल्यामुळे यंत्र ती सुमारे ४६५ दाखविते. त्यांपैकी १२० विंडोजला, ६० लिनक्सला आणि उरलेली सुमारे २८५ सामाईक दप्तराला, अशी वाटणी योजिली आहे. कारभाऱ्यांच्या खोल्यांत दप्तर ठेवावयाचे नाही, हा यातील मुख्य हेतू. उद्या एखादी प्रणाली बिघडली आणि तिची खोली पाडून पुन्हा बांधावी लागली, तरी सामाईक भागास धक्का लागू नये.

आता दुसरा मुद्दा, आणि हा अधिक महत्त्वाचा. वाटणी केली की झाले, असे नाही. त्या भागात नोंदी कोणत्या पद्धतीने लिहावयाच्या तेही ठरवावे लागते. आपल्या कित्येक घरांत आजोबा-पणजोबांच्या वेळची खतपत्रे मोडी लिपीत आहेत. भाषा मराठीच, कागद आपलाच, तरीही आजच्या पदवीधरास ती वाचता येत नाहीत, कारण त्याला केवळ बाळबोध येते. डिस्कवरील नोंदीच्याही अशाच निरनिराळ्या पद्धती आहेत. विंडोजची पद्धत एन.टी.एफ.एस.; ती १९९३ सालापासूनची. लिनक्सची सर्वसाधारण पद्धत ई.एक्स.टी. ४, ती २००८ साली पक्की झाली. लिनक्स हा दोन्ही लिप्या जाणणारा कारकून आहे. एन.टी.एफ.एस.मध्ये वाचन-लेखन करण्याची सोय त्याला २००७ च्या सुमारास एका स्वतंत्र साधनाने मिळाली, आणि २०२१ सालापासून ती त्याच्या गाभ्यातच आली. विंडोज मात्र ई.एक्स.टी. ४ स्वतःहून वाचीत नाही. इतकेच नव्हे, तर असा भाग दिसला की ‘हा स्वच्छ करून द्यावा काय?’ असे काही वेळा विचारते. त्या प्रश्नास भोळेपणाने होकार देणे म्हणजे मोडीचे दप्तर रद्दी समजून बंबात घालणे होय. कचेरीत बसणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनाशी पक्की गाठ मारून ठेवावी.

मग सामाईक भागासाठी कोणती पद्धत घ्यावी? तीन पर्याय आहेत. पहिला एफ.ए.टी. ३२, तो सर्वांना वाचता येतो, पण त्यात ४ जी.बी.पेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही, आणि आपल्या संमेलनाचे चित्रीकरण त्याहून मोठे होते. दुसरा एक्सफॅट, तो २००६ साली निघाला, मायक्रोसॉफ्टने २०१९ साली त्याचा तपशील खुला केला आणि त्यानंतर लिनक्सच्या गाभ्यातही त्याची सोय झाली. पेनड्राइव्हसाठी तो उत्तम. परंतु त्यात रोजकीर्दीची व्यवस्था नाही. तिसरा एन.टी.एफ.एस.; यात ती आहे.

रोजकीर्द म्हणजे काय ते व्यापारी बांधव चटकन् जाणतील. खतावणीत फेरफार करण्यापूर्वी ‘हे करणार आहे’ अशी टीप आधी लिहून ठेवावयाची. मध्येच दिवा गेला तर पुढे ती टीप पाहून खतावणी सरळ करता येते. आपल्या तालुक्यात पावसाळ्यात वीज कशी वागते ते मी सांगावयास नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा म्हसळा-श्रीवर्धनच्या गावांनी किती दिवस अंधार भोगला हे आपण सारे जाणता. यास्तव कायमच्या सामाईक भागासाठी रोजकीर्द असलेली पद्धत, अर्थात एन.टी.एफ.एस., हीच आपणांस योग्य. अर्थात रोजकीर्दीने नोंदींची मांडणी सावरते. त्या क्षणी टंकीत असलेला अर्धवट मजकूर ती परत देत नाही, हेही ध्यानात असावे.

आता मी सर्वांत मोठ्या खड्ड्याकडे वळतो. दोन्ही कारभारी एका वेळी कामावर नसतात. एक गेला की दुसरा येतो. त्यामुळे सामाईक वहीवर दोघांची झटापट होऊ नये असे वाटते. परंतु २०१२ सालच्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय घातली. यंत्र बंद करण्याचा हुकूम दिला असता विंडोज पूर्णपणे निरोप घेत नाही. आपली अर्धी स्मृती डिस्कवर लिहून ठेवते, जेणेकरून सकाळी लवकर जागे होता यावे. म्हणजे कारभारी घरी गेलेला नसून गादीवरच डोळे मिटून पडलेला आहे, आणि सामाईक वहीची पाने त्याच्या मनात कालच्या स्थितीत उघडीच आहेत. अशा वेळी लिनक्सने येऊन त्या वहीत लिहिले, तर जागा झालेला विंडोज आपल्या आठवणीप्रमाणे पुन्हा लिहितो, आणि दोघांच्या लेखनाचा गोंधळ होऊन फाइली नाहीशा होतात.

सुज्ञ लिनक्स हे ओळखते. ते वही केवळ वाचण्यापुरती उघडते किंवा उघडण्याचेच नाकारते. आमच्या मुलांस प्रथम असा अनुभव आला तेव्हा त्यांना वाटले, काही बिघडले आहे. प्रत्यक्षात तो बिघाड नव्हता, रखवालदाराने दाराशी अडविले होते. अशा वेळी बळजबरीने दार उघडण्याचे मार्ग इंटरनेटवर सुचविलेले आढळतात. ते कटाक्षाने टाळावेत. योग्य उपाय असा, की विंडोजमध्ये जाऊन पॉवर ऑप्शन्स या सदरातील फास्ट स्टार्टअप कायमचे बंद करावे. ते होईतोपर्यंत विंडोजमधून लिनक्सकडे जाताना ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करावे, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखरच पूर्ण निरोप घेते. ‘हायबरनेट’ तर दोन्ही बाजूंनी वर्ज्य समजावे. आणि सामाईक भागाची दुरुस्ती करण्याचा प्रसंग आलाच, तर ती विंडोजमधील ‘चेकडिस्क’ने करावी, ज्याची पद्धत त्यानेच ती तपासावी हे बरे.

या मोठ्या गोष्टीमागून काही लहान गोष्टी येतात. लहान असल्या तरी त्रास देतात.

पहिली घड्याळाची. विंडोज यंत्रातील घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते, लिनक्स ते जागतिक वेळेवर ठेवते. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे लिनक्समधून विंडोजमध्ये आल्यावर सकाळचे दहा वाजले असता पडद्यावर पहाटेचे साडेचार दिसतात. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नव्हे. दोन प्रतींपैकी नवी कोणती हे आपण फाइलीच्या वेळेवरून ठरवितो. वेळच चुकीची पडली तर जुनी प्रत नवीवर चढेल. लिनक्सला एका आज्ञेने स्थानिक वेळ पाळावयास लावता येते. तेवढे करून घ्यावे.

दुसरी गोष्ट फाइलींच्या नावांची. देवनागरी नावे दोन्हीकडे चालतात. इंग्रजी मोठी व लहान अक्षरे लिनक्स भिन्न मानते आणि विंडोज एकच मानते, हा घोळ मराठी नावांत मुळीच होत नाही, कारण आपल्या लिपीत मोठे-लहान अक्षर नाही. परंतु दुसरा एक घोळ होतो. पुष्कळजण विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाची दोन टिंबे टंकतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. लिनक्स ते नाव स्वीकारील. विंडोज मात्र नावात अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका अशी चिन्हे चालू देत नाही, आणि ती फाइल तेथे उघडत नाही. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या मास्तरांस आपण आजवर हसत आलात. येथे शुद्ध विसर्गानेच फाइल वाचते.

तिसरी गोष्ट गुप्ततेची, आणि हिला लहान म्हणताना माझी जीभ अडखळते. विंडोजला पासवर्ड घातला म्हणजे सामाईक भागास कुलूप लागले, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. तो पासवर्ड विंडोजच्या दारावर आहे. लिनक्स दुसऱ्या दाराने आत येते आणि सामाईक भाग सहज उघडते. आपल्या दप्तरात केवळ संमेलनाची छायाचित्रे नाहीत. कोणत्या कुटुंबाने मुलाच्या शुल्कासाठी मदत मागितली, कोणत्या विधवा भगिनीस निधीतून साहाय्य जाते, हेही आहे. ही नावे विश्वासाने आपल्याकडे दिलेली आहेत. ज्या यंत्रावर संध्याकाळी मुले अभ्यासास बसतात, त्याच्या सामाईक भागात ती उघडी ठेवणे हा विश्वासभंग होय. यास्तव साहाय्य निधीची कागदपत्रे सांकेतिक कुलपाखाली, निराळ्या उपकरणावर, चिटणिसांच्या ताब्यात राहावीत. विंडोजनेच डिस्क सांकेतिक केली असेल तर तिची पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी. यंत्राची मांडणी बदलताना ती मागितली जाण्याचा संभव असतो, आणि ती नसली तर आपलेच दप्तर आपणांस बंद होते.

आता वाटणी प्रत्यक्ष कशी करावी याचा क्रम थोडक्यात सांगतो. सर्वप्रथम संपूर्ण दप्तराची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंट साधनाने तिची जागा आवळावी. मोकळ्या जागेत सामाईक भाग आखावा व उरलेल्या जागेत लिनक्स बसवावे. विंडोज आधी आणि लिनक्स मागून, हाच क्रम. उलट केल्यास विंडोज आपल्यालाच पहिला मान घेते व लिनक्सचे दार दिसेनासे होते. दार पुन्हा दाखविता येते, पण तो उपद्व्याप टाळलेला बरा.

प्रतीचा आग्रह मी एवढा का धरतो, ते एका घडलेल्या गोष्टीवरून कळेल. आपल्या परिचयाच्या एका कुटुंबाने आपला संगणक जवळच्या शहरात एका दुरुस्तीच्या दुकानी दिला. काम एवढेच होते, की विंडोज पुन्हा घालावयाची. दुकानदाराने वाटण्या पाहिल्याच नाहीत. सारी डिस्क एक करून नव्याने प्रणाली घातली. यंत्र नव्यासारखे चालू लागले, आणि वडिलांच्या हयातीतील सारी छायाचित्रे गेली. सामाईक भाग निराळा असला तरी तो त्याच डिस्कवर असतो, हे विसरू नये. विहीर सामाईक असली तरी ती त्याच अंगणात आहे. अंगण खचले तर तीही गेली. वाटणी ही सोय आहे, राखण नव्हे. राखण म्हणजे दुसऱ्या वस्तूवरील, दुसऱ्या गावातील प्रत. आपल्यापुरते सांगावयाचे तर एक प्रत म्हसळ्यास आणि एक मुंबई शाखेकडे.

असा प्रसंग ओढवलाच तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाटण्यांची यादी पुसली म्हणून मजकूर त्याच क्षणी नाहीसा होत नाही. सात-बारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही. यंत्र ताबडतोब बंद करावे, त्यावर नवीन काहीही लिहू नये आणि जाणकारास दाखवावे. पुष्कळदा बरेचसे परत मिळते. वर नवे लिहिले गेले तर मात्र इलाज उरत नाही.

शेवटचा मुद्दा. एवढी व्यवस्था केल्यावर कुटुंब-नोंदीची फाइल लिनक्सला दिसेल, पण वाचता येईल काय? नाही. जुन्या टंकपद्धतीत ‘क’ या अक्षराच्या जागी आत प्रत्यक्षात निराळेच चिन्ह साठविलेले असते. तो विशिष्ट टंक असेल तरच त्याचा ‘क’ दिसतो. तो नसलेल्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोड या सार्वत्रिक पद्धतीत, जीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्थान आहे, ‘क’ हा सर्वत्र ‘क’च असतो. तेव्हा कपाट सामाईक केल्याने काम पुरे होत नाही, आतील अक्षरेही सामाईक करावयास हवीत. जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याची साधने आहेत; परंतु रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घ यांत ती ठेचा खातात. एखाद्या आडनावातील रफार गळला, तर पुढील पिढीस ते घराणे सापडणार नाही. म्हणून रूपांतर तरुणांनी करावे आणि मूळ छापील अंकाशी पडताळणी वृद्धांनी करावी. हे काम जुने विंडोज यंत्र चालते आहे तोवरच होण्यासारखे आहे. ते बंद पडल्यावर आपली कुटुंब-नोंद आपल्यापुढे असून मोडीच्या खतपत्रासारखी मुकी होईल.

यासाठी मी सभेपुढे चार सूचना ठेवतो. एक, फास्ट स्टार्टअप बंद केल्याची खात्री चिटणिसांनी स्वतः करावी आणि यंत्राशेजारी तशी पाटी लावावी. दोन, जुनी विंडोज १० शक्य तो इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ जुन्या फाइलींसाठी वापरावी. बाहेरच्या जगाशी व्यवहार लिनक्समधून करावा. तीन, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन प्रती घेऊन त्यांची नोंद वहीत करावी. चार, कुटुंब-नोंदीचे रूपांतर येत्या संमेलनापूर्वी पुरे करावे. त्यासाठी प्रत्येक गावातून एक तरुण व एक वडीलधारी व्यक्ती अशा जोड्या नेमाव्यात. पडताळणीच्या पहिल्या जोडीत मी माझे नाव देतो. चष्मा जाड झाला असला तरी रफार अजून दिसतो.

तरुणांनी जुने दप्तर अडगळ मानू नये, आणि वडिलांनी नवी प्रणाली परकी मानू नये.